संथ चालेल तो स्लायडर

गेल्या वर्षी मार्च महिन्यात एका पहाटे मी सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावाच्या काठावर विजेच्या मोटारीवर चालणारा, कॅमेरा रुळावरून हळूहळू सरकवणारा स्लायडर पहिल्यांदा मांडला. स्लायडर 80 सेंटिमीटरचा होता आणि तो मी एका ओळखीच्या व्यक्तीकडून वापरलेला म्हणून विकत घेतला होता. समोर पाण्यातले मंदिर, डावीकडे कठड्याची रेघ आणि भिंगापासून जेमतेम हातभर अंतरावर काठावरच्या वाळलेल्या गवताचा एक झुबका, अशी चौकट मी ठरवली होती. दर 8 सेकंदांनी एक फोटो याप्रमाणे 40 मिनिटांत 300 फोटो निघाले. घरी येऊन ते संगणकावर 25 फ्रेम प्रतिसेकंद या गतीने जोडले, तेव्हा 12 सेकंदांची फीत तयार झाली. आकाश जांभळ्यावरून केशरी होत गेले, पाण्यावर कळसाचे प्रतिबिंब उमटले आणि मंदिर जागच्या जागी शांत उभे राहिले. गवताचा झुबका मात्र उचकी लागल्यासारखा सरकत होता. चार फ्रेम तो हलत नव्हता, पाचव्या फ्रेमला एकदम पुढे जात होता आणि पुन्हा अडखळत होता. ती फीत मी बऱ्याच वेळा पाहिली. दर वेळी नजर कळसावरून निसटून त्या गवतावरच जात होती.

या एका फितीमुळे माझी स्लायडरविषयीची समजूत बदलली. विकत घेताना मी लांबी पाहिली होती, वजन पेलण्याची क्षमता पाहिली होती, मोबाइलवरून चालतो का हे विचारले होते. पण सर्वांत हळू तो किती चालतो, आणि तितक्या हळू चालताना एकसारखा चालतो का, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. आज कोणी मला हौशी व्हिडिओ आणि टाइमलॅप्ससाठी, म्हणजे ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेल्या फितीसाठी, परवडणारा स्लायडर कोणता घ्यावा असे विचारले, तर मी याच प्रश्नापासून सुरुवात करतो आणि बाकीच्या गोष्टी नंतर सांगतो.

हिशेब सोपा आहे. 60 सेंटिमीटरचा प्रवास 40 मिनिटांत करायचा असेल, तर गाडीने, म्हणजे कॅमेरा ज्या सरकत्या भागावर बसतो त्याने, सेकंदाला पाव मिलिमीटर इतकेच पुढे जायचे असते. साधी डीसी मोटार जोरात फिरायला तयार असते, पण इतक्या संथ गतीला तिच्यावरचा विद्युतदाब अगदी कमी करावा लागतो. मग घर्षणावर मात करण्याइतका जोर तिच्यात उरत नाही. ती थांबते, ताण साठतो, तो सुटला की ती एकदम उडी मारते. गिअरची चांगली जोडणी असेल तर ही अडचण पुष्कळ कमी होते, परंतु स्वस्त स्लायडरमध्ये नेमकी त्याच ठिकाणी काटकसर केलेली असते. माझ्या गवताची उचकी तिथून आली होती.

स्टेपर मोटार वेगळ्या तत्त्वावर चालते. नेहमीची स्टेपर मोटार एका पावलाला 1.8 अंश फिरते, म्हणजे तिच्या पूर्ण फेऱ्यात 200 पावले असतात. 2 मिलिमीटर अंतराने दात असलेला पट्टा आणि 20 दातांची कप्पी असेल, तर एका फेऱ्याला गाडी 40 मिलिमीटर सरकते, म्हणून एका पावलाला 0.2 मिलिमीटर. 60 सेंटिमीटरमध्ये 300 फोटो बसवायचे तर दोन फोटोंच्या मध्ये 2 मिलिमीटर जायचे, म्हणजे बरोबर 10 पावले. पावले मोजून चालणाऱ्या मोटारीला संथपणाचे ओझे होत नाही, कारण तिला सतत फिरत राहायचे नसून मोजके अंतर जाऊन थांबायचे असते. मोटारीला पावले टाकायला लावणाऱ्या आजच्या सामान्य ड्रायव्हर सर्किटमध्ये एका पावलाचे आणखी 16 भाग करता येतात, त्यामुळे व्हिडिओसाठी सलग चालवतानाही तिची चाल गुळगुळीत राहते.

हे गणित मी मामांना समजावून सांगत होतो, तेव्हा त्यांनी मला मध्येच थांबवले. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत त्यांचे यंत्रमाग आहेत आणि त्यांची उभी हयात मागाच्या आवाजात गेली आहे. "अरे, हे तर आमच्या मागाचंच काम आहे," ते म्हणाले, "धोटा गेला, फणीनं धागा ठोकला, मगच कापड पुढं सरकायचं. ठोकताना सरकलं तर विणेल कसं?" मग त्यांनी मला एका मागापाशी नेऊन खाली वाकून दातेरी चाक दाखवले. फणी आपटून मागे गेली की ते चाक एका दाताने पुढे जात होते आणि विणलेले कापड तेवढेच गुंडाळले जात होते. "याचा एक दात घसरला की कापडात पट्टा दिसतो. गिऱ्हाईक चादर उलगडतं आणि पहिलं बोट त्या पट्ट्यावर ठेवतं." माझ्या फितीतल्या गवताचे याहून चांगले वर्णन मला करता आले नसते.

मामांनी जे सांगितले त्याला टाइमलॅप्सच्या भाषेत 'शूट-मूव्ह-शूट' म्हणतात. गाडी थांबलेली असताना फोटो निघतो, फोटो पूर्ण झाल्यावर गाडी ठरलेले अंतर जाते, हादरा शमेपर्यंत क्षणभर थांबते आणि पुढचा फोटो निघतो. भर दिवसा, शटर सेकंदाच्या शंभराव्या भागाइतके असताना, गाडी सलग चालत राहिली तरी काही बिघडत नाही, कारण तेवढ्या वेळात ती मोजता येण्याइतकी हलतच नाही. रात्री मात्र शटर 4 सेकंद उघडे ठेवावे लागते आणि वर सांगितलेल्या गतीने गाडी तेवढ्यात एक मिलिमीटर पुढे जाते. माझ्या कॅमेऱ्यावर 18 मिलिमीटरचे भिंग असताना एक मीटर अंतरावरची वस्तू चौकटीत असेल, तर हा एक मिलिमीटर फुल एचडी चित्रात दीड पिक्सेलचा आणि फोर-के चित्रात तीन पिक्सेलचा पुसटपणा आणतो. म्हणून रात्रीची दृश्ये टिपण्याची इच्छा असलेल्याने ही सोय नसलेला स्लायडर घेऊ नये, मग त्याची किंमत कितीही आकर्षक असो. या सोयीसाठी स्लायडरमधून कॅमेऱ्याच्या शटरपर्यंत जाणारी तार लागते आणि ती प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याला निराळी असते. कॅननच्या प्राथमिक श्रेणीतल्या कॅमेऱ्यांना 2.5 मिलिमीटरची पिन चालते, सोनी आणि निकॉनला वेगळी जोडणी लागते. खोक्यात आपली तार आहे का, हे पैसे देण्यापूर्वी उघडून पाहावे.

आता लांबीविषयी. लांब स्लायडर घेतला की दृश्यात जास्त हालचाल दिसेल, असे सर्वांनाच वाटते, आणि मलाही वाटत होते. प्रत्यक्षात डोळ्यांना हालचाल जाणवते ती जवळची वस्तू लांबच्या वस्तूपुढून सरकते त्यामुळे. माझ्या क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यावर 18 मिलिमीटरचे भिंग लावले, तर एक मीटरवर चौकटीत सव्वा मीटर रुंदी मावते. त्या अंतरावर काही वस्तू असेल, तर 60 सेंटिमीटरच्या प्रवासात ती जवळजवळ अर्धी चौकट ओलांडते. तीच वस्तू पाच मीटरवर असेल तर चौकटीचा जेमतेम दहावा भाग सरकते, आणि शंभर मीटरवरची इमारत दोनशेवा भागसुद्धा सरकत नाही. म्हणजे तलावाच्या काठावर उभे राहून नुसत्या मंदिराकडे कॅमेरा रोखला, तर 60 सेंटिमीटर काय आणि 120 सेंटिमीटर काय, पाहणाऱ्याला कॅमेरा स्थिर असल्यासारखाच वाटेल. पण भिंगापुढे कठड्याचा दगड आणला, झाडाची लोंबती फांदी आणली, पूजेच्या साहित्याच्या दुकानातली फुलांची टोपली आणली, की 40 सेंटिमीटरचा स्लायडरही पुरतो. जवळची वस्तू शोधायला पैसे लागत नाहीत, थोडे वाकावे आणि फिरावे लागते.

लांबीची किंमत मात्र इतर मार्गांनी चुकवावी लागते. 80 सेंटिमीटरचा स्लायडर एका ट्रायपॉडवर मधोमध बसवला, की गाडी टोकाला जाताना कॅमेऱ्याचे वजन एका बाजूला झुकते. माझा कॅमेरा, भिंग आणि कॅमेरा हव्या दिशेला वळवणारे बॉलहेड मिळून सव्वा किलो भरते. एवढे वजन मध्यापासून 40 सेंटिमीटर दूर गेले, तर ट्रायपॉडच्या डोक्याला चांगलाच पीळ बसतो आणि क्षितिज हळूहळू तिरके होते. ही चूक छायाचित्रात कळत नाही, फितीत लगेच कळते, विशेषतः तलावाची पाण्याची रेघ समोर असताना. यावर उपाय म्हणजे दोन्ही टोकांना दोन ट्रायपॉड लावणे, अथवा स्लायडर जमिनीवर वा कट्ट्यावर त्याच्या स्वतःच्या पायांवर ठेवणे. दुचाकीवरून एकट्याने फिरणाऱ्या हौशी माणसाला दोन ट्रायपॉड नेणे अवघड जाते, म्हणून मी आता 60 सेंटिमीटरच्या पुढे जाण्याचा सल्ला देत नाही. या लांबीचा स्लायडर पाठीवरच्या पिशवीला बाजूने बांधता येतो आणि एका चांगल्या, जड ट्रायपॉडवर, मध्यभागी दगडांची पिशवी लटकवून, नीट उभा राहतो. चित्रण सुरू करण्याआधी गाडी दोन्ही टोकांना नेऊन पाणसळीचा बुडबुडा पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे.

वजन पेलण्याच्या आकड्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. खोक्यावर छापलेला आकडा बहुतेक वेळा आडव्या स्थितीचा असतो. रूळ जितके वजन वाहू शकतात तितके वजन मोटार वर चढवू शकेलच असे नाही, आणि स्लायडर तिरका लावून कॅमेरा वर नेण्याचे चित्रण करायचे असेल तर उभ्या स्थितीतला आकडा वेगळा विचारावा. तो सांगितला जात नसेल, तर तसा वापर होणार नाही असे धरून चालावे.

मोबाइलच्या ॲपविषयीचे माझे मत कडक आहे आणि ते अनुभवातून आले आहे. माझा पहिला स्लायडर केवळ ॲपवरून चालत होता. त्याच्यावर चालू-बंद करण्याच्या बटणाखेरीज काहीच नव्हते. मी फोन बदलला आणि नव्या फोनवर ते ॲप जोडणीच घेईना. बनवणाऱ्यांकडे विचारणा केली, उत्तर आले नाही. पट्टा, रूळ, मोटार सगळे धड असताना ते यंत्र दोन महिने कपाटात पडून राहिले, आणि अखेरीस जुना फोन पुन्हा दुरुस्त करून तो केवळ स्लायडरसाठी जपून ठेवावा लागला. ॲप असावे, त्यात सुरुवात आणि शेवट ठरवणे सोयीचे जाते. पण अंतर, वेळ आणि फोटोंची संख्या यंत्रावरच्या बटणांनी ठरवता येणे माझ्या दृष्टीने अनिवार्य आहे. पहाटेच्या अंधारात थंड बोटांनी बटण दाबणे फोनच्या पडद्यापेक्षा खात्रीचे असते, आणि उन्हाळ्यात भर दुपारी सोलापूरच्या चाळीस अंशांवरच्या उन्हात फोनचा पडदा मंद होऊन काहीच दिसत नाही.

बॅटरीच्या बाबतीत आपल्याकडे एक सोय आयती आहे. अनेक स्लायडर सोनीच्या 'एनपी-एफ' पद्धतीच्या 7.2 व्होल्टच्या बॅटरीवर चालतात, आणि लग्नाचे चित्रण करणाऱ्या प्रत्येकाकडे एलईडी दिव्यांसाठी याच बॅटऱ्यांचा संच असतो. त्या सहज विकत मिळतात, गरज पडली तर उसन्याही मिळतात. आत बंद केलेली बॅटरी असलेला स्लायडर दिसायला सुबक असतो, पण काही वर्षांनी तिची क्षमता उतरली की संपूर्ण यंत्राची उपयुक्तता उतरते. अशा वेळी यूएसबीवरून, पॉवर बँक लावून, चित्रण चालू असताना चार्ज होतो का एवढे तरी तपासावे.

लग्नाच्या चित्रणाचा उल्लेख आलाच आहे तर खरेदीपूर्वीचा सर्वांत उपयोगी सल्ला इथेच देतो. या व्यवसायातल्या कोणाकडून तरी एक दिवसासाठी स्लायडर भाड्याने घ्यावा, लग्नतिथी नसलेला वार निवडला तर तो स्वस्तात मिळतो. आणि घरी आणून एकच चाचणी करावी. टेबलावर स्लायडर ठेवावा, भिंगापासून अर्ध्या मीटरवर छापील अक्षरांचा कागद उभा करावा, सर्वांत संथ गती लावावी आणि फीत पडद्यावर मोठी करून अक्षरांच्या कडा पाहाव्यात. अक्षरे एकसारखी सरकली तर यंत्र चांगले. ती थबकत, उड्या मारत सरकली तर बाकी सगळ्या गुणांकडे दुर्लक्ष करून ते परत करावे. दुसरा स्लायडर मी याच चाचणीने निवडला. माझे अंदाजपत्रक 20,000 रुपयांचे होते आणि त्यात नवा, स्टेपर मोटारीचा, 60 सेंटिमीटरचा, बटणांचा स्लायडर बसला. कार्बन फायबरच्या नळ्यांऐवजी त्याला ॲल्युमिनियमचा रूळ आहे, त्यामुळे तो थोडा जड आहे, पण ते वजन मला वाऱ्यात उपयोगी पडते.

ज्यांना हाताने काम करण्याची आवड आहे त्यांनी स्वतः बांधण्याचा विचार जरूर करावा. अर्डुइनो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड, स्टेपर ड्रायव्हर, 42 मिलिमीटर चौरस तोंडाची 'नेमा 17' मोटार, दातेरी पट्टा आणि ॲल्युमिनियमची खाचांची पट्टी, एवढ्या सामानात तो उभा राहतो, आणि थ्री-डी प्रिंटरसाठीचेच भाग असल्यामुळे ते सुटे मिळतात. ड्रायव्हर निवडताना जुन्या ए4988 पेक्षा टीएमसी2208 घ्यावा, त्याने मोटारीची किणकिण जवळजवळ नाहीशी होते. मुलाखतीचे चित्रण करताना, माइक जवळ असताना, हा फरक फार मोठा ठरतो, आणि विकत घेतलेल्या स्लायडरच्या बाबतीतही आवाज ऐकून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

मामांच्या शेडमध्ये मी नवा स्लायडर घेऊन दोन दिवस चित्रण केले. तिथे दोन गोष्टी शिकायला मिळाल्या. पहिली ट्यूबलाइटची. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे जुन्या पद्धतीचे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. कॅमेरा 30 फ्रेम आणि 1/60 शटरवर ठेवला तर चित्रात काळे पट्टे लहरत वर चढतात. 25 फ्रेम आणि 1/50 शटर ठेवले की ते थांबतात. दुसरी गोष्ट हादऱ्यांची. मागाची फणी मिनिटाला शंभराहून अधिक वेळा आपटते आणि फरशी सतत थरथरत असते. ट्रायपॉडच्या प्रत्येक पायाखाली मामांनी जुन्या चादरीची जाड घडी ठेवायला सांगितली. थरथर पूर्ण गेली नाही, पण चित्र वापरण्याजोगे झाले. ताण्याच्या, म्हणजे मागावर लांबीत ताणलेल्या, शेकडो धाग्यांना लागून, भिंगापासून वीतभर अंतरावर, गाडी 15 सेकंदांत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेली, तेव्हा पुढचे धागे पडद्यासारखे सरकत गेले आणि त्यांच्या मागे मागावर वाकलेले कारागीर दिसू लागले. या दृश्यासाठी स्लायडरवर केलेला सगळा खर्च मला योग्य वाटतो.

आपल्या गावच्या धुळीबद्दल मात्र सावध राहावे लागते. काळ्या मातीची बारीक भुकटी रुळावर बसते आणि प्लास्टिकच्या चाकांखाली येऊन गाडीला सूक्ष्म धक्के देते. अशा चाकांच्या रुळाला तेल लावण्याचा मोह टाळावा, कारण तेलावर धूळ चिकटून तिचे किटण होते. कोरड्या सुती कपड्याने रूळ आणि चाके पुसणे पुरेसे असते. पट्ट्याचा ताणही अधूनमधून पाहावा. बोटाने दाबल्यावर तो किंचित खाली जावा, लोंबू नये.

जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, वेळी होम मैदानावरचे आकाशपाळणे टिपण्याचा माझा विचार आहे. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत स्लायडर नेणार नाही. तिथे गर्दीचा मान पहिला आहे आणि ट्रायपॉडचे पाय भाविकांच्या वाटेत येणे बरोबर नाही. आकाशपाळण्यांसाठी मात्र मैदानाच्या कडेला, एखाद्या दुकानदाराची परवानगी घेऊन, त्याच्या मांडणीमागे जागा मिळू शकते. समोर दिव्यांखाली रचलेल्या बांगड्यांची रास, मागे फिरणारे पाळणे, शटर 2 सेकंद, दर 5 सेकंदांना एक फोटो, दोन फोटोंमध्ये 2 मिलिमीटर, एकूण 300 फोटो. म्हणजे 25 मिनिटे लागतील. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने ठरवलेले असतील, भिंगातले स्थिरीकरण बंद असेल, आणि पहिल्या दहा फोटोंनंतर मी पडद्यावर बांगड्यांच्या कडा मोठ्या करून पाहणार आहे.